एमआरआय, प्रोस्टेट आणि चुकीच्या शेजारी उभा केलेला आकडा

प्रोस्टेटच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाल्यावर तो उलटेल का, हे एमआरआयवरून आधीच सांगू पाहणारे शोधनिबंध इतके आलेत की त्यांचा साचा पाठ होतो. शस्त्रक्रियेआधीचा एमआरआय घ्यायचा, गाठीभोवती रेघ आखायची, आतल्या पिक्सेलवरून पोत, आकार, उजळपणा अशी शेकडो मापं संगणकाकडून काढायची आणि त्यावर मॉडेल शिकवायचं. याला रेडिओमिक्स म्हणतात. शेवटी एक एयूसी येतो, समजा ०.८५, आणि निष्कर्षात 'आशादायक' हा शब्द.

एयूसी म्हणजे काय? कॅन्सर उलटलेला एक पेशंट आणि न उलटलेला एक, अशी जोडी उचलली, तर मॉडेल पहिल्याला जास्त धोका दाखवेल याची शक्यता. ०.५ म्हणजे नाणेफेक. आकडा वाईट नाही. तो कशाशी ताडून पाहतात, तिथे माझी हरकत आहे.

आधी 'उलटला' म्हणजे काय ते बघू. अख्खी ग्रंथी काढल्यावर रक्तातला पीएसए जवळजवळ शून्यावर यायला हवा. तो पुन्हा ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरवर पोचला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच निघाला, की सहसा कॅन्सर उलटला असं धरतात. म्हणजे मॉडेल भाकीत करतं ते रक्तातल्या एका आकड्याचं. जॉन्स हॉपकिन्सच्या १९९९ च्या प्रसिद्ध अभ्यासात, पीएसए वाढल्यापासून कॅन्सर इतर अवयवांत दिसेपर्यंतचा मध्यक काळ ८ वर्षं होता. निबंधाच्या प्रस्तावनेत मात्र मृत्यूचे आकडे असतात आणि वाचणारा नकळत दोन्ही जोडून टाकतो.

आता शेजाऱ्याचा मुद्दा. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांच्या हातात पॅथॉलॉजीचा रिपोर्ट असतोच. २०११ साली आलेला काप्रा-एस हा स्कोअर सहाच गोष्टी विचारतो: आधीचा पीएसए, ग्लीसन, कापलेल्या कडेवर कॅन्सर आहे का, तो ग्रंथीच्या आवरणाबाहेर गेलाय का, वीर्यकोशात आहे का, लसिकाग्रंथींत आहे का. कागदावर बेरीज होते, वेगळा खर्च नाही. मॉडेल शस्त्रक्रियेनंतर वापरायचं असेल, तर या स्कोअरमध्ये ते काय भर घालतं एवढाच प्रश्न आहे. पण बऱ्याच निबंधांत तुलना असते नुसत्या पीएसएशी, किंवा रेडिओलॉजिस्टच्या पाय-रॅड्स गुणांशी. आणि आधी वापरायचं म्हणाल, तर त्यावरून कोणता निर्णय बदलणार? नसा वाचवायच्या की नाही? लसिकाग्रंथी काढायच्या का? याचं उत्तर द्यायचं टाळून दोन्ही दगडांवर पाय ठेवलेले दिसतात.

गणिताची बाजूही नाजूक आहे. २०० पेशंट, त्यातल्या ४० जणांचा कॅन्सर उलटलेला आणि मापं हजार, असं धरा. इतक्या मापांत काहीतरी योगायोगानेही जुळतंच. त्यात सगळ्या पेशंटांवरून 'चांगली' मापं निवडून मग चाचणीचे पेशंट बाजूला काढले, तर तो फुटलेल्या पेपरावरचा निकाल. शिवाय सीटी स्कॅनमधल्या आकड्यांना ठरलेली मोजपट्टी असते, एमआरआयच्या टी-२ चित्रातल्या उजळपणाला नसते. मशीन बदललं की आकडे बदलतात. म्हणून त्याच हॉस्पिटलच्या पेशंटांवरची चाचणी मला पुरेशी वाटत नाही.

एवढी कटकट कशासाठी? कारण 'जास्त धोका' हा शिक्का बसला की रेडिएशनचा विषय निघतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या रॅडिकल्स-आरटी चाचणीत १३९६ पुरुष होते. काहींना शस्त्रक्रियेनंतर लगेच रेडिएशन दिलं, बाकीच्यांना पीएसए वाढला तरच. लगेच दिल्याने पीएसएच्या हिशेबात फायदा दिसला नाही, आणि लघवीवरचा ताबा सुटण्याच्या तक्रारी एका वर्षानंतर त्याच गटात जास्त होत्या. तेव्हा पीएसए शून्याजवळ असलेल्या माणसाला मॉडेलच्या भरवशावर घाबरवणं फुकटचं नाही.

याच चाचणीत खरी जागाही आहे. फार जास्त धोक्याचे पेशंट तिच्यात कमी होते. त्यांच्यासाठी थांबणं योग्य का, यावर अजून वाद आहे. काप्रा-एस सारखाच असलेल्या दोघांमधून एमआरआय वेगळा पेशंट ओळखू शकला, तेही दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या मशीनवर, तर तो निबंध मी दोनदा वाचेन. मग एयूसी ०.७ असला तरी चालेल.