दोन यमुना

मराठीतील पहिली कादंबरी कोणती, या प्रश्नाचे उत्तर आम्ही शाळेत पाठ केले होते : बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन', सन १८५७. उत्तराला गुण मिळाले, आणि पुस्तक न वाचताच वाचल्यासारखे झाले. पुढे सेवेच्या धकाधकीत भाष्ये वाचली, प्रवचनसंग्रह वाचले. कादंबरी ही फावल्या वेळची करमणूक, असेच आम्ही मानीत आलो. पन्नाशी उलटल्यावर हे पुस्तक, आणि त्यापाठोपाठ हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी आम्ही प्रथमच अथपासून इतिपर्यंत वाचली.

पदमनजी मूळचे बेळगावचे. १८५४ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८५६ साली विधवाविवाहास कायद्याची मान्यता मिळाली, आणि पुढच्याच वर्षी ही कादंबरी निघाली. तिच्यातील यमुना पतीसह प्रवास करते व ठिकठिकाणच्या विधवांच्या करुण कहाण्या ऐकते. पुढे तिच्यावरही वैधव्य कोसळते. अखेरीस ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

ग्रंथाचे खरे सामर्थ्य या ऐकण्यात आहे. यमुना गप्प बसून ऐकते तेथे पान जिवंत होते. पात्रे धर्मचर्चा करू लागली की कादंबरीचा निबंध होतो. दुःख सांगून झाले न झाले तोच उत्तर पुढे येते. मराठीत कादंबरीचा साचाच नव्हता त्या काळी पदमनजींनी मुक्या विधवांना बोलते केले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही हा दोष झाकण्यात अर्थ नाही, कारण तो आमच्याच घरचा दोष आहे.

आपट्यांची कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तिच्या नायिकेचेही नाव यमुनाच. ही यमू आपली कथा स्वतःच्या तोंडाने, घरगुती भाषेत सांगते. माहेर, सासर, मुंबईतील थोडे सुखाचे दिवस, पतीचा मृत्यू, आणि मग बळजबरीने झालेले केशवपन. लेखक मध्ये पडून तिचे सांत्वन करीत नाही. शीर्षकातील प्रश्न तेवढा वाचकापाशी उरतो.

कोणी म्हणेल, पदमनजींनी आशा दिली, आपट्यांनी केवळ अश्रू. मग ख्रिस्ती सेवकाने आपट्यांकडून काय घ्यावे? आशा लपवावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु ईयोबाचे मित्र सात दिवस निःशब्द बसले होते तोवर खरे मित्र होते. बोलू लागले आणि चुकले. शोकगृही पाऊल टाकताच शास्त्रवचन काढून वाचण्याची घाई आम्हीही कितीदा केली आहे! एका विधवा भगिनीने आमची प्रार्थना संपेपर्यंत वाट पाहिली, आणि मग आपले सांगणे पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. तिचा अर्थ आम्हांस तेव्हा उमगला नव्हता. यमूची कथा वाचताना तो उमगला.

पाळकबंधूंनी व धर्मशिक्षकांनी ही दोन्ही पुस्तके याच क्रमाने वाचावीत, अशी आमची विनंती आहे. प्रवचनासाठी दाखले शोधीत मात्र वाचू नयेत. भेटीस गेल्यावर ऐकत बसावे, तसे वाचावे.