विरोधकाची भीती मतदाराला घराबाहेर काढते का?

पीएच.डी.च्या पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये मी एक वाक्य अगदी ठासून लिहिलं होतं : 'विरोधकाची भीती घातली की मतदार मतदानाला बाहेर पडतो.' पुरावा म्हणून अमेरिकेतली १९६४ ची 'डेझी' जाहिरात जोडली होती. गाइडनी एकच प्रश्न विचारला, "तुलना कशाशी?" संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून आलेल्या माणसाला हा प्रश्न ऐकावा लागला, याची लाज वाटली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी जाहिरात बघू. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या मोजत तोडतेय. अचानक उलटी मोजणी सुरू होते आणि पडद्यावर अणुस्फोट. शेवटी आवाहन : जॉन्सन यांना मत द्या, घरी बसू नका. प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांचं नावही नाही, तरी भीती कोणाची हे सगळ्यांना कळलं. ७ सप्टेंबर १९६४ ला ती पैसे भरून फक्त एकदाच दाखवली गेली. पुढे बातम्यांनीच ती पुन्हा पुन्हा दाखवली. जॉन्सन यांना ६१ टक्के मतं मिळाली. झालं, सिद्धांत तयार!

पण थांबा. जॉन्सन त्याआधीच पाहण्यांमध्ये खूप पुढे होते. आणि मतदानाचं प्रमाण? १९६० पेक्षा ते किंचित कमीच भरलं. यावरून 'भीतीमुळे मतदान घटलं' असंही म्हणता येत नाही. निकाल आधीच ठरल्यासारखा वाटला की लोक घरी बसू शकतात. म्हणजे हे उदाहरण कुठल्याच बाजूचा पुरावा नाही. जाहिरात लक्षात राहिली, एवढंच त्यातून दिसतं.

माझी चूक इथेच होती. 'भीती चालते' या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेत. लक्ष वेधलं जातं का? मत बदलतं का? माणूस प्रत्यक्ष मतदान केंद्रावर जातो का? तिन्हींची मोजपट्टी वेगळी.

आता संशोधन बघा. अँसोलाबेहेर आणि अय्यंगार यांनी कॅलिफोर्नियात प्रयोग केले. स्थानिक बातम्यांच्या पंधरा मिनिटांच्या चित्रफितीत तीस सेकंदांची एक जाहिरात घुसवली. दृश्यं तीच, फक्त निवेदन कधी उमेदवाराची बाजू घेणारं, तर कधी विरोधकावर हल्ला करणारं. १९९४ च्या त्यांच्या पेपरनुसार हल्ला पाहिलेल्यांमध्ये मतदान करण्याचा इरादा जवळपास पाच टक्क्यांनी कमी दिसला. प्रयोगाची रचना देखणी आहे. पण मोजलं काय? 'मी मतदान करेन' हे उत्तर, तेही लगेच विचारलेलं. इरादा आणि बोटावरची शाई यांत बरंच अंतर असतं.

पुढे २००७ मध्ये लाऊ, सिगेलमन आणि रोव्हनर यांनी असे १११ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा, की नकारात्मक प्रचार जास्त लक्षात राहतो, पण त्यामुळे मतं मिळतात किंवा मतदान घटतं, याला भक्कम आधार नाही. सरकारवरचा विश्वास मात्र थोडा कमी होतो. इथेही माझी एक तक्रार आहे. 'नकारात्मक' या एकाच टोपलीत टीका, भीती, राग सगळंच भरलंय. सरासरी शून्याजवळ आली म्हणजे प्रत्येक भावनेचा परिणाम शून्य, असं होत नाही.

ही टोपली निवडून बघणारेही आहेत. टेड ब्रेडर यांनी १९९८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जाहिरातींचं संगीत आणि दृश्यं बदलून प्रयोग केला. उत्साहाने सहभागाची इच्छा वाढली. भीतीने माणूस सावध झाला, आपल्या मताचा फेरविचार करू लागला. व्हॅलेंटिनो आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या पेपरमध्ये सहभाग वाढवणारी भावना म्हणून पुढे आला तो राग, भीती नव्हे. विचार केला तर पटतं. घाबरलेला माणूस आधी थांबतो, चिडलेला उठतो.

आता मोजपट्टी कशी असावी, ते बघा. २००६ मध्ये मिशिगनमध्ये गर्बर, ग्रीन आणि लॅरिमर यांनी प्राथमिक निवडणुकीआधी घराघरांत पत्रं पाठवली. एका पत्रात 'तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मागे मतदान केलं की नाही' हेच छापलं होतं, निवडणुकीनंतर नवी यादी पाठवू असंही सांगितलं होतं. पत्र न मिळालेल्यांत मतदान २९.७ टक्के, हे पत्र मिळालेल्यांत ३७.८. हे आकडे सरकारी नोंदींमधून घेतलेले, लोकांच्या तोंडून नव्हे. गंमत म्हणजे हीसुद्धा एक भीतीच आहे, पण विरोधकाची नाही. 'लोक काय म्हणतील' याची!

मग माझ्या वाक्याचं काय झालं? ते असं बदललं : 'विरोधकाची भीती लक्ष वेधते, ती मतदान वाढवते, असं म्हणायला भक्कम पुरावा नाही.' वाक्य फिकं झालं खरं, पण गाइडच्या प्रश्नासमोर टिकलं. आणि हो, हे सगळे अभ्यास अमेरिकेतले. ते उचलून महाराष्ट्राला चिकटवू नका.

प्रस्ताव लिहिताना प्रत्येक दाव्यासमोर दोन गोष्टी पेन्सिलने लिहा : मोजलं काय, आणि तुलना कशाशी. दोन्ही जागा भरता आल्या नाहीत, तर तो दावा खोडा. तो आपल्याला मनापासून पटलेला असेल, तर आधी खोडा.