पडताळणीचा हक्क आणि विद्यापीठ : एका अहवालाची चिकित्सा

नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठाने सामाजिक मानसशास्त्राचे प्राध्यापक डिडेरिक स्टापेल यांना २०११ साली निलंबित केले. वर्षानुवर्षे त्यांनी कल्पित आकडेवारीवर शोधनिबंध प्रसिद्ध केले होते. टिलबर्ग, ग्रोनिंगेन व ॲम्स्टरडॅम या तीन विद्यापीठांच्या चौकशी समित्यांचा संयुक्त अहवाल नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५५ प्रकाशनांतील लबाडी नोंदविली आहे. संशोधनातील खुलेपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी हा अहवाल अभ्यासावा, असे आम्हांस वाटते.

अहवालाचे मोठेपण असे की, तो एका व्यक्तीच्या निंदेवर थांबत नाही. लबाडी इतकी वर्षे टिकली कशी, हा प्रश्न तो विचारतो. माहिती आपण स्वतः शाळांतून गोळा केली, असे सांगून स्टापेल तयार आकडे विद्यार्थ्यांच्या हाती ठेवीत. भरलेल्या मूळ प्रश्नावल्या विद्यार्थ्यांना दिसत नसत. सहलेखक, परीक्षक व संपादक यांनीही त्या मागितल्या नाहीत. विद्याशाखेच्या अधिष्ठात्याचा शब्द हाच पुरावा ठरला. विज्ञानाच्या मंदिरात व्यक्तिप्रामाण्याचीच प्रतिष्ठापना झाली, असे म्हणावे लागेल! अखेर तीन तरुण संशोधकांनी धोका पत्करून तक्रार केली, तेव्हा सत्य बाहेर आले.

तथापि अहवालाची एक बाजू आम्हांस दुबळी वाटते. एका प्रकरणाच्या आधारे समित्यांनी सामाजिक मानसशास्त्राच्या एकूण संस्कृतीवर ठपका ठेवला. त्या विषयाच्या युरोपीय संघटनेने यास आक्षेप घेतला. तर्काच्या कसोटीवर तो रास्त होता. इतरांकडे पुरावा मागणाऱ्याने स्वतःच्या व्यापक विधानासही तितकाच पुरावा द्यावयास हवा.

मात्र समित्यांची शंका पोकळ नव्हती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात १४१ शोधनिबंधांच्या लेखकांकडे मूळ आकडेवारी मागितली गेली होती. ७३ टक्के लेखकांनी ती दिली नाही. २०१५ साली मानसशास्त्रातील १०० अभ्यासांच्या पुनर्पडताळणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय परिणाम होता. पुनर्पडताळणीत तो ३६ टक्क्यांतच आढळला. याचा अर्थ बाकीचे सारे लबाड होते असा नव्हे. लहान नमुने, सोयीचे विश्लेषण आणि नकारात्मक निष्कर्ष दडपण्याची प्रथा यांमुळे प्रामाणिक माणसाचीही दिशाभूल होते. म्हणूनच विश्लेषणाची योजना आधी नोंदविणे, आकडेवारी व गणनविधी खुले ठेवणे आणि पुनर्पडताळणीस संशोधनाचा दर्जा देणे अगत्याचे आहे.

खुलेपणालाही मर्यादा आहे. अभ्यासात सहभागी झालेल्यांची ओळख उघड होता कामा नये. परंतु ही मर्यादा प्राध्यापकाच्या प्रतिष्ठेची ढाल होऊ नये.

मूळ आकडेवारी खुली असती, तर त्या तीन तरुणांना आपले भवितव्य पणाला लावावे लागले नसते. खुलेपणाचा खरा लाभ सत्ताहीन संशोधकाला होतो. त्याला शंका घेण्यासाठी शौर्याची गरज उरत नाही. मार्गदर्शकाकडे मूळ नोंदी मागणारी विद्यार्थिनी निर्भय राहू शकते काय, हीच विद्यापीठाची खरी परीक्षा होय. घोषणापत्रे कितीही सुंदर असोत, या परीक्षेत नापास होणाऱ्या विद्यापीठास ज्ञानपीठ म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.