तापल्याशिवाय बोलत नाही

निवृत्त माणसाने पहिल्या पैशांतून काय घ्यावं, याबद्दल आमच्या इमारतीत दोनच मतं आहेत. एक गुडघ्याचा पट्टा आणि दुसरं चारधाम यात्रा. मी गिटारचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर घेतला. तेव्हापासून जिन्यात भेटणारी माणसं माझी नव्हे, हिची विचारपूस करतात.

कंपनीचं नाव सांगत नाही. फुकट जाहिरात करायला मी काही त्यांचा जावई नाही. पण महिनाभर एका खोलीत राहिल्यावर त्याच्याबद्दल चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असं मी समजतो.

पहिला दोष वजनाचा. खोका चौदा किलोंचा. लिफ्ट बंद असल्यामुळे तो मी आणि रिक्षावाल्याने मिळून वर आणला. दिवाणखान्यात ठेवून मोठ्या थाटात बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि पुढे काहीच नाही.

"बिघडलेला दिला वाटतं," ही म्हणाली.

"तापतोय. तापल्याशिवाय बोलत नाही तो."

"मग पैसे कशाला घातलेत? तसला एक घरात होताच की!"

पण मला ती अर्ध्या मिनिटाची शांतता ओळखीची वाटली. लहानपणी आमच्याकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवलं की आधी हिरवा डोळा हळूहळू उघडायचा, मग तापलेल्या धुळीचा वास यायचा आणि मग बातम्या. आम्ही पोरं घाई करायला लागलो की वडील म्हणायचे, "तापू दे रे त्याला." व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आतली तार लाल झाली की इलेक्ट्रॉन सुटतात. गार असताना तो नुसता काचेचा तुकडा. माझ्या खोक्यात मागच्या बाजूला असे पाच आहेत. त्यांतले दोन 'ई एल ८४' जातीचे. वडिलांच्या रेडिओत शेवटी आवाज काढायला हाच व्हॉल्व्ह होता, हे मला तो दुरुस्त करताना वडिलांनी दाखवलं होतं. साठ वर्षांनी तो असा भेटेल असं वाटलं नव्हतं.

दुसरा दोष आवाजाचा, आणि त्यात माझाही अपराध आहे. मी मुद्दाम पंधरा वॉटचा घेतला. आमच्या घरी रात्री लावायचा झिरोचा दिवासुद्धा पंधरा वॉटचा असे, तेव्हा हा कुणाची झोप मोडणार? पण कानाचा हिशेब वेगळा असतो. आवाज कानाला दुप्पट वाटायला वॉट साधारण दहापट लागतात. म्हणजे दीडशे वॉटचा राक्षससुद्धा माझ्या पंधराच्या दुप्पटच ओरडणार! पहिल्या संध्याकाळी मी खुंटी सहावर नेली, तेव्हा कपाटातल्या कपबशा वाजल्या. खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि अतिशय सभ्यपणे त्यांनी विचारलं, "ड्रिलिंग अजून किती दिवस आहे?"

आणि गंमत अशी की या यंत्राची खरी गोडी तिथेच, सहाच्या पलीकडे आहे. आवाज पेलवेनासा झाला की ट्रान्झिस्टर त्या लाटेचं डोकं कात्रीने कापल्यासारखं छाटतो. व्हॉल्व्ह ते हळूच वाकवतो. मग सुराला एक खरखर येते, पहाटे उठलेल्या गवयाच्या गळ्याला असते तशी. खरं तर हा दोष. अमेरिकेत लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने गिटारचे अँप्लिफायर बनवायला घेतले, तेव्हा त्याला स्वच्छ आवाज हवा होता. गिटार त्याला स्वतःला वाजवता येत नसे. ज्यांना येत असे त्यांनी मात्र ती खरखरच उचलून धरली. १९६४ साली इंग्लंडमध्ये 'किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने तर ती यावी म्हणून स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला. आमच्याकडे हा प्रकार झाला असता तर वडिलांनी मलाच फाडला असता.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. माझं वाजवणं त्याच्यातून वाईट ऐकू येई. पंचवीस वर्षं मी एका ट्रान्झिस्टरच्या डबड्यावर वाजवत होतो. तार कशीही छेडा, त्यातून एकच गुळगुळीत आवाज निघे आणि मी मनात म्हणे, वा! बँकेत गेलो नसतो तर कुठच्या कुठे असतो! या खोक्यात मात्र काही सूर अंगावर येत, काही बुडून जात. चार दिवसांनी मी दुकानात फोन केला. एक मुलगा आला, पोराच्याच वयाचा. त्याने माझी गिटार घेतली आणि कुठल्याही खुंटीला हात न लावता एक सूर अलगद छेडला. स्वच्छ, पाण्यासारखा. मग तोच सूर जोरात. व्हॉल्व्ह गुरगुरला.

"काका, अँप चांगला आहे," तो म्हणाला आणि जरा घुटमळला. "हा हात ऐकतो. तुम्ही सगळंच एका जोरात वाजवता."

चाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी परीक्षण लिहायला बसलो होतो अँप्लिफायरचं, आणि निकाल लागला माझा. त्या रात्री मला झोप आली नाही, हेही नोंदवून ठेवतो.

तेव्हा शिफारस करायची तर अशी: ज्यांना स्वतःचं वाजवणं आवडतं त्यांनी हा घेऊ नये. ज्यांना ते सुधारायचं आहे त्यांनी घ्यावा, खुंटी दोनवर ठेवावी आणि आधी तापू द्यावा. मी सध्या रोज संध्याकाळी एकच भावगीत घेतो. हळू छेडायला शिकतो आहे. डाव्या हाताची अनामिका कुरकुरते, पण ऐकते.

काल दुसरा अंतरा चालू असताना स्वयंपाकघरातली मिक्सरची घरघर थांबली.

"अहो, हे गाणं माहितीये मला!"

लग्नाला अडतीस वर्षं झाली. हे गाणं मी तिला पहिल्या वर्षापासून वाजवून दाखवतो आहे.

"वाढवा जरा," ती म्हणाली. "खालची मंडळी लग्नाला गेलीत."