अनामिकाला नाव देताना : सुझेट हेडन एल्गिन यांचे काव्य आणि संपादन

कवी आणि संपादक ही दोन माणसे एकाच देहात फार काळ सुखाने नांदत नाहीत, असा सर्वसाधारण अनुभव आहे. इतरांच्या ओळी तपासता तपासता स्वतःच्या ओळी मागे पडतात. अंक वेळेवर निघतो आणि संपादकाचा स्वतःचा संग्रह मात्र निघायचा राहतो. पुढे त्या व्यक्तीवर मृत्युलेख लिहिण्याची वेळ आली, की ‘त्यांनी स्वतःसाठी आणखी थोडे लिहिले असते तर’ हे वाक्य आपण हळहळत लिहितो. अमेरिकन लेखिका सुझेट हेडन एल्गिन (१९३६–२०१५) यांच्याविषयी हे वाक्य लिहावे की लिहू नये, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

एल्गिन या मूळच्या भाषाशास्त्रज्ञ. जन्म मिसुरी राज्यातला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेतून त्यांनी १९७३ मध्ये डॉक्टरेट मिळविली. नॅव्हाहो ही अमेरिकेतील मूलनिवासींची भाषा त्यांच्या अभ्यासाचा विषय होती. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात काही वर्षे अध्यापन करून १९८० मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि आर्कन्सॉ राज्यातील ओझार्कच्या डोंगराळ मुलखात राहावयास गेल्या. विज्ञानकथालेखनाकडे त्या वळल्या त्या वाङ्मयीन महत्त्वाकांक्षेपोटी नव्हे. शिक्षणाची फी भरावयास पैसे हवेत म्हणून. ही गोष्ट त्यांनी कधी लपविली नाही.

ज्या काव्यप्रकाराशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्याला इंग्रजीत ‘स्पेक्युलेटिव्ह पोएट्री’ म्हणतात. मराठीत त्याला सर्वमान्य नाव नाही. ‘असे असते तर’ या एका गृहीतकावर उभी राहणारी कविता, असे त्याचे वर्णन करता येईल. सोयीसाठी आपण तिला विज्ञानकल्पनेची कविता म्हणू. विज्ञानकथा, अद्भुतकथा, पुराणकथा या सर्वांशी तिचा शेजारधर्म आहे. तिचे दुःख असे, की कवितेच्या मासिकांना ती कविता वाटत नसे आणि विज्ञानकथेच्या मासिकांत ती पानाच्या तळाशी उरलेली जागा भरण्यापुरती छापली जाई.

एल्गिन यांच्या सर्व कार्याचे बीज त्यांच्या पहिल्याच प्रकाशित कथेत सापडते. ‘फॉर द सेक ऑफ ग्रेस’ ही ती कथा, १९६९ सालची. एका दूरच्या ग्रहावर काव्य हा सर्वांत पवित्र व्यवसाय आहे. त्यात प्रवेशासाठी कठोर परीक्षा आहे आणि उत्तीर्णांच्या सात पायऱ्या आहेत. कायद्याने स्त्रीलाही परीक्षेस बसता येते. मात्र ती अनुत्तीर्ण झाली, तर तिला जन्मभर एकांतवासात कोंडून ठेवले जाते. नायिकेची आत्या ग्रेस अशीच कोंडली जाऊन वेडी झाली आहे. तिचे नाव ठाऊक असूनही बारा वर्षांची भाची परीक्षेस बसते आणि थेट सातव्या पायरीवर पोहोचते.

या कथेचे खरे सामर्थ्य तिच्या निवेदनदृष्टीत आहे. सारे प्रसंग आपण मुलीच्या वडिलांच्या नजरेतून पाहतो. ते दुष्ट नाहीत. मुलीवर त्यांचे प्रेम आहे, घराण्याच्या प्रतिष्ठेची त्यांना काळजी आहे, आणि व्यवस्था अन्याय्य आहे हे मात्र त्यांच्या कधी लक्षातच येत नाही. दाराशी उभा असलेला पहारेकरी स्वतःला पहारेकरी समजत नाही, हे एल्गिन यांनी एकही उपदेशपर वाक्य न लिहिता दाखविले. जोआना रस या समकालीन लेखिकेस याच कथेतून ‘द टू ऑफ देम’ ही कादंबरी सुचली. ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली.

त्याच १९७८ साली एल्गिन यांनी विज्ञानकल्पनेच्या कवींची संघटना स्थापन केली आणि ‘स्टारलाइन’ ही तिची वार्तापत्रिका सुरू केली. कथेतील परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून या संघटनेची रचना पाहिली, तर कथा आणि संस्था हे एकाच विचाराचे दोन भाग आहेत असे वाटू लागते. संघटनेचा वार्षिक पुरस्कार रायस्लिंग या नावाने दिला जातो. रायस्लिंग हा रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९४७ सालच्या कथेतील आंधळा कवी, अंतराळयानांतून गाणी गात हिंडणारा. अपोलो–१५ च्या अंतराळवीरांनी १९७१ मध्ये चंद्रावरील एका विवरास त्याचेच नाव दिले होते. या पुरस्कारासाठी कविता सुचवितात सभासद, सुचविलेल्या कवितांचा संग्रह निघतो तो सभासदांच्या हाती जातो, आणि मतदानही सभासदच करतात. पन्नास ओळींच्या आतील कविता एका गटात, त्याहून दीर्घ दुसऱ्या गटात. सात पायऱ्या नाहीत, अनुत्तीर्णास शिक्षा नाही. जीन वुल्फ आणि उर्सुला ले ग्विन यांसारखे नामवंत गद्यलेखक या पुरस्काराच्या यादीत आहेत, तसेच फारसे कोणास ठाऊक नसलेले कवीही आहेत. स्वतः एल्गिन यांच्या कवितेस तो १९८८ मध्ये मिळाला. म्हणजे संस्थापिकेचे नाव त्या यादीत यावयास दहा वर्षे लागली. या एका गोष्टीवरून संस्थेच्या प्रकृतीची कल्पना यावी.

संपादक या नात्याने त्यांनी काव्यप्रकाराची व्याख्याही करून पाहिली. त्यांची ‘सायन्स फिक्शन पोएट्री हँडबुक’ ही पुस्तिका २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : अशा कवितेत एक अंश विज्ञानाचा हवा आणि एक कथनाचा, आणि तिच्यातील वास्तव आपल्या परिचित वास्तवाहून कुठेतरी वेगळे हवे. व्याख्या उपयुक्त आहे, पण तिच्यात अध्यापिकेचा हात दिसतो. कथनाचा आग्रह धरला की शुद्ध भावकविता बाहेर राहते. उलट, कवितेत एखादा ग्रह किंवा यंत्र आणून बसविले आणि दोन घटना सांगितल्या, की अगदी सामान्य पद्यही आत येते. व्याख्येस एक कसोटी जोडावी असे मला वाटते : विज्ञान काढून घेतले, तर कविता उरते का?

मराठी वाचकास याचे उदाहरण दूर शोधावे लागणार नाही. ‘विशाखा’ (१९४२) या संग्रहातील कुसुमाग्रजांची ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ ही कविता आपण प्रेमकविता म्हणूनच वाचत आलो. परंतु तीत पृथ्वी सूर्याभोवती फिरते आहे, शुक्र, मंगळ आणि धूमकेतू तिची मनधरणी करीत आहेत, आणि ज्या आकर्षणाने ती बांधली गेली आहे तेच तिला सूर्यापासून ठरावीक अंतरावर ठेवते आहे. खगोलशास्त्रातील हे अंतर काढून घ्या, कवितेतील विरह नाहीसा होईल. म्हणजे विज्ञान येथे अलंकार नसून आशयाचा कणा आहे. एल्गिन यांच्या व्याख्येत ही कविता बसते आणि वरील कसोटीसही उतरते. नाव नव्हते म्हणून आपल्याकडे ही जात नव्हती असे नाही. नाव नसल्यामुळे तिला भावंडे शोधता आली नाहीत, एवढेच.

आणि नाव देणे हाच तर एल्गिन यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. १९८२ मध्ये त्यांनी ‘लादान’ ही नवी भाषा रचावयास घेतली. प्रचलित भाषा स्त्रियांचे अनुभव व्यक्त करण्यास अपुऱ्या पडतात काय, हे पाहण्याचा तो प्रयोग होता. १९८४ च्या ‘नेटिव्ह टंग’ या कादंबरीत स्त्रिया हीच भाषा पुरुषांपासून लपवून घडवितात. अनुभवाच्या ज्या तुकड्याला आजवर कोणत्याच भाषेत नाव मिळालेले नाही, त्याला नाव देणे हे त्या कादंबरीत सर्वांत मोठे कर्तृत्व मानले आहे. १९८५ मध्ये या भाषेचा कोश व व्याकरण प्रसिद्ध झाले आणि १९८८ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली.

कोशातील एक शब्द आपल्या घरोघरच्या स्त्रियांनी ऐकावा असा आहे : ‘रादीदिन’. नावाला सण, पण घरच्या बाईच्या वाट्याला केवळ कामाचा डोंगर. पाहुणे भरपूर आणि मदतीस हात एकही नाही, असा दिवस. शब्दाच्या शेवटी आपल्याला ‘दिन’ ऐकू येतो तो निव्वळ योगायोग. अर्थ मात्र गौरी-गणपतीच्या दिवसांत स्वयंपाकघरात उभे राहिलेल्या कोणाही गृहिणीस समजावून सांगावा लागणार नाही.

व्याकरणाची एक योजना तर कवितेच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. लादानमधील वाक्याच्या शेवटी, बोलणाऱ्यास ती गोष्ट कशी कळली, हे सांगणारा शब्द येतो. स्वतः अनुभवले असेल तर एक, स्वप्नात पाहिले असेल तर दुसरा, दुसऱ्याकडून कळले व त्यावर विश्वास असेल तर तिसरा, विश्वास नसेल तर चौथा. स्वतः कल्पिले असेल, तर त्यालाही निराळा शब्द आहे. आपल्या मराठीत ‘म्हणे’ हा शब्द यापैकी एक काम चोख करतो. ‘तो आला नाही’ आणि ‘तो म्हणे आला नाही’ या दोन वाक्यांत बोलणाऱ्याची जबाबदारी बदलते. एल्गिन यांनी अशा ‘म्हणे’चे पूर्ण कुटुंब उभे केले. कल्पना ही खोटेपणाची बहीण नव्हे, जाणण्याचा तो एक प्रामाणिक प्रकार आहे आणि व्याकरणात त्याला मानाचे स्थान असावे, हा विज्ञानकल्पनेच्या कवितेचा याहून नेमका पुरस्कार मी अन्यत्र वाचलेला नाही.

तथापि भाषा रुजली नाही. दहा वर्षांत स्त्रिया ती स्वीकारतील किंवा तिच्याहून चांगली भाषा स्वतः घडवितील, अशी एल्गिन यांची अपेक्षा होती. दोन्हीपैकी काहीच घडले नाही. प्रयोग फसला, हे त्यांनी स्वतःच मान्य केले. त्याच सुमारास ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांसाठी मार्क ओक्रँड यांनी रचलेल्या क्लिंगॉन या लढाऊ जमातीच्या भाषेला मात्र हौशी अनुयायी मिळत गेले. या विरोधाकडेही एल्गिन यांनीच लक्ष वेधले. पराभवाचा हिशेब स्वतः मांडणारे लेखक थोडे. तो त्यांनी स्वच्छपणे मांडला.

येथे एक प्रश्न उभा राहतो. पूर्ण व्याकरण आणि कोश असलेली भाषा मागे पडली आणि जुजबी वार्तापत्रिका असलेली संघटना चार दशकांहून अधिक काळ टिकली, असे का? भाषा त्यांनी जवळजवळ पूर्ण घडवून लोकांपुढे ठेवली. लोकांना ती फक्त शिकावयाची होती. संघटना त्यांनी अपुरीच लोकांच्या हाती दिली. संपादक बदलले, पुरस्कारांत भर पडली, २०१७ मध्ये नावात ‘अद्भुत’ वाङ्मयाचाही समावेश झाला. व्याख्येतील त्यांचा कडक आग्रह सभासदांनी मतदानात वेळोवेळी बाजूस ठेवला, आणि त्यामुळेच ती कविता वाढली.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपणांस हा भेद चांगला कळावा. वडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या प्रेरणेने सिद्ध झालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ (१९३१) हा केवढा भव्य संकल्प! शासनव्यवहाराच्या शब्दांना अनेक भाषांतील पर्याय त्यात दिले. आज तो कपाटात आदराने जपला जातो. सावरकरांनी रुळविलेले ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्द मात्र कोणी घडविले याचा विचारही न करता आपण वापरतो. शब्द चांगला असणे पुरेसे नसते; तो दुसऱ्याच्या तोंडी जाऊन थोडा झिजावा लागतो. पुण्याहून आलेल्या पाहुण्याने आपल्या बोलण्यातील एखाद्या शब्दावर हसावे, हा अनुभव आपणांपैकी कोणास नवा नाही. तो शब्द हसण्याजोगा असेल, पण वापरात आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. एल्गिन यांच्या कादंबऱ्या, भाषाव्यवहारावरील लोकप्रिय पुस्तके, वार्तापत्रे, कोश हा सारा संभार पाहिला, तर त्यात कवितेचा वाटा लहान आहे, हे मान्य करावे लागते. त्यांच्या उत्तम कल्पना बहुधा गद्यात उतरल्या, कवितेत नव्हे. कवयित्री म्हणून ही त्यांची मर्यादा आहे आणि संपादनकार्याच्या गौरवाखाली ती झाकू नये. परंतु काव्याच्या परीक्षेत कोंडल्या गेलेल्या आत्येची कथा लिहिणाऱ्या बाईंनी पुढे परीक्षा नसलेले घर बांधले, आणि २०१३ पासून त्या घरातील काव्यसंग्रहांच्या पुरस्काराला त्यांचेच नाव आहे. इतरांच्या संग्रहांवर छापले जाणारे ते नाव पाहिले, की ‘आणखी थोडे लिहिले असते तर’ हे वाक्य माझ्या हातून लिहिले जात नाही.