‘शेड’ आणि ‘टेस्ट’ : उसन्या शब्दांतील एकाराचा प्रश्न

स्वारगेट या स्थलनामातील ‘स्वार’ हा घटक फार्सी असून ‘गेट’ हा इंग्रजी मानला जातो. दरवाजा या अर्थाच्या इंग्रजी शब्दातील स्वर ‘ए’कडून ‘इ’कडे सरकणारा संयुक्त स्वर आहे, ‘मिळविणे’ या अर्थाच्या क्रियापदातील स्वर ऱ्हस्व व स्थिर आहे. मराठी उच्चारात हा भेद लोपतो. त्यावरून मराठी भाषकाचा उच्चार सदोष ठरविण्याची प्रवृत्ती सुशिक्षितांत आढळते. तिचे परीक्षण होणे अवश्य आहे.

मराठीत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ असे दोन स्वनिम नाहीत. त्यामुळे स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावरील पत्र्याची ‘शेड’ आणि कापडाच्या दुकानातील रंगाची ‘शेड’ हे इंग्रजीतील दोन भिन्नोच्चारित शब्द मराठीत समोच्चारित होतात. दोन्ही स्त्रीलिंगी असल्याने लिंगही भेद दाखवीत नाही. तथापि उतारू गोंधळत नाही, कारण ‘पत्र्याची’ वा ‘रंगाची’ हे विशेषणच अर्थ निश्चित करते. विशेष असे की, आडोसा या अर्थाचा इंग्रजी शब्द पंधराव्या शतकापासून आढळत असून तो छायावाचक शब्दाचेच रूपांतर असावा, असे व्युत्पत्तिकारांचे मत आहे. इंग्रजीने जे अलग केले, ते मराठीने नकळत पुन्हा एकत्र आणले, एवढेच.

मराठी परकी ध्वनिभिन्नता स्वीकारीतच नाही, असे मात्र नव्हे. ‘बॅट’ आणि ‘बेट’, ‘कॉट’ आणि ‘कोट’ यांत अर्थभेद स्वरावरच अवलंबून आहे. म्हणूनच ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वर रुळले व महाराष्ट्र शासनाने २००९ साली त्यांना वर्णमालेत अधिकृत स्थान दिले. ऱ्हस्व एकाराची अशी गरज भाषेला भासलेली नाही.

तरीही संदर्भावर सर्वस्वी विसंबणे योग्य नव्हे. परीक्षा आणि रुची या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द मराठीत ‘टेस्ट’ या एकाच रूपाने वावरतात. ‘पाण्याची टेस्ट केली’ यात क्रियापद अर्थ सांगते. ‘पाण्याची टेस्ट चांगली आली नाही’ या वाक्यात पाणी बेचव आहे की तपासणीत दूषित ठरले आहे, हे कळत नाही. येथील संदिग्धता केवळ व्याकरणाची राहत नाही; पाणी प्यावे की न प्यावे, हा निर्णय तीवर अवलंबून असतो.

या दोषाचे निवारण मराठी भाषकाला इंग्रजी संयुक्त स्वर शिकवून होणार नाही. ‘चव’ आणि ‘तपासणी’ हे दोन नि:संदिग्ध शब्द मराठीपाशी आहेत. उसन्या शब्दाचे शासन उच्चाराच्या कसोटीने न करता अर्थाच्या कसोटीने करावे : संदर्भ पुरेसा असेल तेथे ‘शेड’ निर्वेधपणे नांदू द्यावी, संदर्भ अपुरा पडेल तेथे ‘टेस्ट’ने ‘चव’ किंवा ‘तपासणी’ला जागा द्यावी.