ऐकणाऱ्या मुलांची गोष्ट : फोन फ्रीकविषयक लेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

‘हॅकर’ हा शब्द मराठी वाचकाला भेटतो तो बहुधा चोरीच्या बातमीत. बँकेच्या खात्यातून रक्कम गेली किंवा एखादे संकेतस्थळ बंद पडले, की त्यामागे ‘हॅकर’ असतो. वस्तुतः संगणकाच्या क्षेत्रात हा शब्द रूढ झाला तेव्हा त्याचा अर्थ वेगळा होता. आणि संगणक घरोघर पोहोचण्यापूर्वीच त्या वृत्तीचे एक भावंड अमेरिकेत दूरध्वनीच्या तारांवर वाढत होते. दूरध्वनीच्या जाळ्यात कुतूहलापोटी शिरणाऱ्या या तरुणांना ‘फोन फ्रीक’ म्हणत. त्यांच्याविषयी इंग्रजीत विपुल लेखन झाले आहे. रॉन रोझेनबॉम यांचा १९७१ मधील दीर्घ लेख आणि स्टीव्हन लेव्ही (१९८४), ब्रूस स्टर्लिंग (१९९२) व फिल लॅप्सली (२०१३) यांची पुस्तके हे त्या लेखनाचे चार महत्त्वाचे टप्पे होत. या चार कृतींत फोन फ्रीकची प्रतिमा कशी घडत गेली आणि घडताना तिच्यातून काय निसटले, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

यंत्रणा आणि तिचे उघडे गुपित

या लेखनाचे मूल्यमापन करण्यापूर्वी मूळ यंत्रणा समजून घेणे आवश्यक आहे. एटी अँड टी कंपनीच्या जाळ्यात दोन शहरांना जोडणारी ट्रंक लाइन मोकळी असेल, तर तिच्यावर २६०० हर्ट्झ वारंवारतेचा एक स्वर सतत वाजत असे. चालू कॉलमध्ये तोच स्वर ऐकू आला, की पलीकडचे एक्स्चेंज कॉल संपला असे समजे. स्वर थांबताच ते नव्या क्रमांकाची वाट पाहू लागे. मूळ कॉल करणारा मात्र त्या लाइनवर तसाच राही. त्यानंतर दोन-दोन स्वरांच्या जोड्या वाजवून हवा तो क्रमांक जोडता येई. या जोड्या निर्माण करणाऱ्या छोट्या उपकरणाला ‘ब्लू बॉक्स’ असे नाव मिळाले. आज्ञा देणारे स्वर आणि माणसांचे बोलणे एकाच मार्गाने जात होते, हे या रचनेतील मर्म होते.

विशेष म्हणजे ही माहिती गुप्त नव्हती. कंपनीच्याच अभियंत्यांनी ती १९५४ आणि १९६० मध्ये ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली होती आणि हे नियतकालिक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत उपलब्ध होते. स्टीव्ह वॉझ्नियॅक आणि स्टीव्ह जॉब्स यांनीही १९७१ मध्ये रोझेनबॉम यांचा लेख वाचून त्याची सत्यता पडताळली ती स्टॅनफर्ड लिनियर अॅक्सलरेटर सेंटरच्या ग्रंथालयात. चोरवाटेचा नकाशा ग्रंथालयाच्या फळीवर असावा, ही बाब ‘तिजोरी फोडणारे’ या रूपकाला छेद देते.

रोझेनबॉम : श्रवणाचे आख्यान

‘एस्क्वायर’ मासिकाच्या ऑक्टोबर १९७१ च्या अंकातील ‘सीक्रेट्स ऑफ द लिटल ब्लू बॉक्स’ या लेखाने फोन फ्रीकना सर्वदूर परिचित केले. या लेखातील लोकप्रिय झालेले पात्र म्हणजे ‘कॅप्टन क्रंच’ या टोपणनावाचे जॉन ड्रेपर. न्याहारीच्या खाद्यपदार्थाच्या खोक्यात मिळणाऱ्या खेळण्यातील शिट्टीतून २६०० हर्ट्झचा स्वर निघतो, ही कथा त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. परंतु लेखाचे खरे केंद्र वेगळे आहे. ते जो एन्ग्रेसिया आणि त्याच्यासारख्या अंध मुलांच्या ठिकाणी आहे.

१९४९ मध्ये जन्मलेला एन्ग्रेसिया जन्मांध होता. विशिष्ट स्वराची शिट्टी वाजवली की फोन तुटतो, हे त्याच्या लक्षात आले ते सातव्या-आठव्या वर्षी. त्याला कोणत्याही उपकरणाची गरज नव्हती. स्वराची अचूक जाण हीच त्याची विद्या होती. रोझेनबॉम यांच्या लेखात कॅनडातील व्हँकूवर येथील एका न वापरलेल्या लाइनचे वर्णन येते. तिच्यावर दूरदूरच्या गावांतील मुले एकत्र जमत आणि बोलत बसत. कॉल फुकट होता हे खरे. पण ज्यांना बाहेरचे जग अवघड होते, त्यांच्यासाठी ती लाइन म्हणजे गावातला पारच होता. एकाकीपणातून निर्माण झालेली ही ज्ञानसाधना हे रोझेनबॉम यांच्या लेखाचे सर्वांत मोलाचे निरीक्षण होय.

तथापि या लेखाच्या मर्यादाही दुर्लक्षिता येत नाहीत. देशभरातील दूरध्वनी मोजक्या मुलांना ठप्प करता येतील अशा स्वरूपाच्या बढाया लेखक पुरेशा तपासणीविना वाचकापुढे ठेवतो. रोमांचाच्या ओढीने लिहिलेल्या या भागाने कंपनी आणि तपासयंत्रणा अधिक सावध झाल्या. ड्रेपर यांना १९७२ मध्ये अटक झाली. ज्या जगाचे चित्रण केले, त्याच्या विसर्जनाला चित्रणच हातभार लावते, असा हा प्रसंग आहे.

लेव्ही आणि स्टर्लिंग : नायक ते आरोपी

लेव्ही यांचे ‘हॅकर्स’ हे पुस्तक मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील टेक मॉडेल रेलरोड क्लबपासून सुरू होते. तेथील खेळण्यातल्या रेल्वेचे नियंत्रण टेलिफोन कंपनीकडून मिळालेल्या सुट्या भागांवर चाले. म्हणजे संगणकाच्या हॅकरचे प्राथमिक शिक्षणही फोनच्या सामग्रीवरच झाले. चतुराईने केलेली, उपयोगापेक्षा आनंदासाठी केलेली करामत म्हणजे ‘हॅक’ हा अर्थ लेव्ही यांनी ग्रंथबद्ध केला आणि या मंडळींच्या वर्तनातून एक नीतिसंहिता मांडली. हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र पुस्तकाच्या उपशीर्षकातच ‘हिरो’ हा शब्द असल्याने निवेदन यशोगाथेकडे झुकते. पुढे उद्योग उभारणारा तो नायक ठरतो. केवळ ऐकत बसलेला अंध मुलगा या चौकटीत सामावत नाही.

स्टर्लिंग यांच्या ‘द हॅकर क्रॅकडाउन’मध्ये दृश्य पालटते. १९८६ मध्ये अमेरिकेत संगणकीय गैरवापराचा कठोर कायदा झाला होता आणि १९९० मध्ये देशभर धाडी पडल्या. ‘फ्रॅक’ या इलेक्ट्रॉनिक नियतकालिकाचा संपादक असलेल्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्यावर, आपत्कालीन दूरध्वनी सेवेविषयीचा एक दस्तऐवज प्रसिद्ध केल्याबद्दल खटला भरला गेला. कंपनीने त्या दस्तऐवजाचे मूल्य ७९,४४९ डॉलर सांगितले. तशाच स्वरूपाची माहिती सुमारे १३ डॉलरमध्ये कोणालाही विकत मिळते, हे न्यायालयात उघड होताच खटला कोसळला. माहितीची किंमत कोण ठरवतो, हा स्टर्लिंग यांचा प्रश्न आहे. पोलीस, हॅकर आणि नागरी हक्कांचे कार्यकर्ते या तिघांनाही ते सारखाच कान देतात, हे या पुस्तकाचे बलस्थान होय.

शब्दाच्या या अर्थांतराचा भारतीय कायद्याशीही संबंध आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ मध्ये ‘हॅकिंग’ हा शब्दच गुन्ह्याचे नाव म्हणून आला होता. २००८ च्या दुरुस्तीने तो त्या कलमातून वगळला गेला. लोकव्यवहारात मात्र तोच अर्थ टिकून राहिला.

लॅप्सली आणि उरलेले मौन

लॅप्सली यांचे ‘एक्स्प्लोडिंग द फोन’ कागदपत्रे आणि मुलाखती यांच्या आधारे आधीच्या आख्यायिका तपासून पाहते. त्यातील महत्त्वाचा भाग एटी अँड टीच्या ‘ग्रीनस्टार’ या गुप्त यंत्रणेविषयी आहे. फसवणूक शोधण्यासाठी कंपनीने १९६४ ते १९७० या काळात सुमारे ३ कोटी ३० लाख कॉल तपासले आणि त्यांपैकी किमान १५ लाख कॉलचे ध्वनिमुद्रण केले. ही बाब १९७५ मध्ये उजेडात आली. चोरून ऐकण्याचा आरोप मुलांवर होता. प्रत्यक्षात सर्वांत मोठा चोरटा कान कंपनीचा होता.

असे असले तरी या चारही कृतींत एक मौन समान आहे. ब्लू बॉक्समधील स्वर हे मुळात दूरपल्ल्याच्या कॉलसाठी ऑपरेटर आपल्या कळफलकावरून पाठवीत असलेले स्वर होते. म्हणजे फोन फ्रीक ज्या कामाची नक्कल करीत होता, ते काम प्रामुख्याने स्त्रियांचे होते. १९५१ मध्ये न्यू जर्सीतील एंगलवूड येथून ग्राहकाने स्वतः फिरवलेला दूरपल्ल्याचा कॉल सुरू झाला आणि त्या स्त्रियांची गरज हळूहळू ओसरू लागली. यंत्राशी बोलू शकणाऱ्या मुलाचे कौतुक झाले. तीच भाषा रोज आठ तास वापरणारी स्त्री मात्र या कथांच्या कडेलाच राहिली. कौशल्याला ‘प्रतिभा’ म्हणायचे की ‘नोकरी’, हे कर्ता कोण यावर ठरते, हेच यातून दिसते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की फोन फ्रीकचे चित्रण श्रोता, नायक, आरोपी आणि शेवटी इतिहासाचा विषय अशा क्रमाने बदलत गेले. त्यात पहिला टप्पा सर्वांत कच्चा असूनही माणसाच्या सर्वांत जवळ आहे. फुकट कॉलमुळे कंपनीचा महसूल बुडाला आणि पुढे अनेकांनी ब्लू बॉक्सचा निव्वळ धंदा केला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कुतूहल आणि चोरी यांतील सीमा ठरवताना हेतू विचारात घ्यावा लागतो, आणि हेतू समजण्यासाठी आधी ऐकावे लागते.

साउथ फ्लोरिडा विद्यापीठात शिकत असताना, १९६८ मध्ये, एन्ग्रेसिया सहाध्यायांना शिट्टी वाजवून दूरचे कॉल जोडून देत असे. त्याबद्दल विद्यापीठाने त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई केली. १९७१ मध्ये त्याला अटक झाली. पुढे दूरध्वनी कंपन्यांनीच त्याला नोकरी दिली. १९९१ मध्ये त्याने ‘जॉयबबल्स’ हे नाव कायदेशीररीत्या स्वीकारले आणि २००७ मध्ये त्याचे निधन झाले. ज्याचे ज्ञान कंपनीला उपयोगी वाटले, त्याचे विद्यापीठाला प्रथम शिस्तभंगच दिसावे, ही घटना उच्च शिक्षणाशी संबंधित प्रत्येकाने विचारात घ्यावी अशी आहे. वर्गाबाहेर, परवानगीविना शिकणारा विद्यार्थी प्रत्येक पिढीत असतो. नियम मोडल्याची नोंद अवश्य व्हावी. पण तो काय शिकला, याचीही नोंद त्याच कागदावर व्हावयास हवी.